मायपासून लेकीले

बेबीबाई मोजायला बसल्या की कुणी बोलायचं नाही, असा आमच्या प्रयोगशाळेत नियम होता. तो कागदावर कुठेच नव्हता, बेबीबाईंनीच केलेला होता. साहेब जरी आत आले तरी त्या सूक्ष्मदर्शकावरचा डोळा न हलवता डावा हात वर करायच्या आणि साहेब दारातच थांबायचे. मोजणी संपली की त्या मान उचलायच्या, पदराने कपाळ टिपायच्या आणि सांगायच्या, "एक्केचाळीस पोट्ट्या, सात पोट्टे. बोला आता."

पोट्टी म्हणजे मुलगी आणि पोट्टा म्हणजे मुलगा, हे मला वाशिमला आल्यावर कळलं. मी सांगलीकडची. कृषीची पदवी झाल्यावर नोकरी लागली ती इथे, गावाबाहेरच्या पत्र्याच्या छपराच्या एका लांबट इमारतीत. तिथे आम्ही ट्रायकोग्रामा वाढवायचो. ही एक इवलीशी माशी असते, पूर्णविरामाच्या टिंबाएवढी. ती बोंडअळीच्या अंड्यात आपलं अंडं घालते. मग त्या अंड्यातून अळी निघत नाही, माशीच निघते. म्हणजे शेतकऱ्याच्या शत्रूच्या पोटात वाढणारा मित्र. आम्ही तांदळाच्या पतंगाची अंडी डिंकाने पुठ्ठ्यावर चिकटवायचो, त्यांच्यावर या माश्या सोडायचो, आणि तीन-चार दिवसांत अंडी काळी पडली की ते कार्ड शेतकऱ्यांना द्यायचो.

पहिल्या दिवशी साहेबांनी मला बेबीबाईंच्या हवाली केलं. मी पदवीधर आणि त्या नववी नापास, पण शिकवायचं त्यांनी होतं. त्यांनी मला सूक्ष्मदर्शकापुढे बसवलं आणि विचारलं, "काय दिसते?"

"माशी."

"पोट्टा का पोट्टी?"

मी नुसतंच भिंग फिरवत राहिले.

"मिशा पाहा न म्याडम. झुपकेदार मिशा असन तर पोट्टा. साफ असन तर पोट्टी. पोट्टा काही कामाचा नाही. तो बसते खाऊन-पिऊन. अंडं शोधाले पोट्टीच जाते."

मिशा म्हणजे शृंगिकांवरचे, डोक्यावरच्या त्या दोन काड्यांवरचे केस. पुस्तकात ते अर्धं पान भरून दिलं होतं. मी ते वाचलं होतं आणि विसरले होते. बेबीबाईंचं वाक्य मात्र आजवर विसरले नाही.

त्या तेव्हा पंचावन्नच्या पुढे असतील. बुटक्या, काटक, नाकाला कायम ओढणी बांधलेली, कारण पतंगांच्या पंखांची धूळ छातीत जाते. रोज अनसिंगहून एसटीने यायच्या. आल्यावर चप्पल बाहेर काढायच्या, देवळात काढावी तशी. माश्यांना खायला नळीच्या काचेवर मधाची रेघ ओढताना त्या पुटपुटायच्या, "घ्या, घ्या, जेवून घ्या." पण मध त्या स्वतः कधी चाखायच्या नाहीत. "लेकराच्या ताटातलं खाऊ काय?" कार्डं शेतकऱ्याला दिली की वहीत तारीख लिहायची आणि तोंडाने म्हणायचं, "गेल्या सासरी."

एकदा एक शेतकरी तणतणत आला. कार्डं लावून आठ दिवस झाले, पण पऱ्हाटीवर, म्हणजे कपाशीवर, अळ्या तशाच होत्या. साहेब बाहेर गेले होते. मी घाबरले. बेबीबाईंनी त्याला पाणी दिलं आणि विचारलं, "लावली कोठी?"

"सावलीत लावा म्हनलं होतं तुमी. घरात लावली, कॅलेंडरजवळ."

बेबीबाईंनी त्याचा रिकामा पेला घेतला. मग म्हणाल्या, "तुमच्या कॅलेंडरवर एक बोंडअळी दिसनार नाही, पाहा आता." तो आधी रागावला, मग हसायला लागला. त्याला नवी कार्डं देताना मात्र त्यांनी कपाशीचं पान मागवलं, उलटं केलं आणि स्टेपलर मारून दाखवलं. पानाच्या खालची सावली.

त्यांच्या बोलण्यात अशी मजा असायची, पण मधूनच त्या असं काही विचारायच्या की पुढे दिवसभर काम सुचायचं नाही. भाद्रपदात एका सकाळी मागच्या हौदात एक रातकिडा पडलेला दिसला. मी तो काढायला गेले, तर बेबीबाईंनी हात धरला. "थांबा." रातकिड्याच्या मागून काळ्या दोऱ्यासारखं काहीतरी निघायला लागलं. वीतभर लांब, वळवळणारं. ते पूर्ण बाहेर आलं आणि पाण्यात पोहायला लागलं. रातकिडा निपचित झाला.

मला शिकवलेलं आठवलं. मी सांगितलं की हा जंत किड्याच्या पोटात वाढतो आणि मोठा झाला की त्याला पाणी लागतं, म्हणून तो किड्याला पाण्याकडे ओढतो. एरवी रातकिडा असा पाण्यात उडी घेत नाही.

"म्हंजे यानं आपल्या मनानं नाही मारली उडी."

"नाही."

"पन याले वाटलं असन, मीच मारून राह्यलो." त्या हौदाच्या कडेवर टेकल्या. "मंग मानूस जे करते, ते त्याच्या मनानंच करते हे कसं समजाव?"

मी म्हटलं, माणसाचं वेगळं असतं. त्या उठल्या आणि त्यांनी रातकिडा ओंजळीने हौदाबाहेर काढला.

मार्गशीर्षात इंझोरीच्या एका तुरीच्या वावरातून आम्ही बोंडअळीची अंडी गोळा करून आणली. त्यातली काही काळी होती, म्हणजे आत आमचीच माशी होती, पण रानातली. बेबीबाईंनी नेहमीप्रमाणे एकेक काळं अंडं वेगळ्या नळीत ठेवलं आणि त्यातून निघालेल्या एकेकीला एकटीलाच पतंगाची अंडी दिली. या माश्यांचा एक नियम आहे. नराची गाठ पडलेल्या मादीला मुली होतात, मुलगेही होतात. पण जिला नर भेटलाच नाही, तिला सगळे मुलगेच होतात. हे बेबीबाईंना तोंडपाठ होतं. त्यामुळे एके दिवशी त्यांनी मोजणी संपवूनही डावा हात खाली आणला नाही, तेव्हा काहीतरी बिघडलंय हे मला कळलं.

"एकतीस पोट्ट्या," त्या म्हणाल्या. "पोट्टा एक बी नाही."

"मग आत एखादा नर गेला असेल."

"म्या टाकलं एक अंडं. एकच निंगाली. मले येत नाही काय मोजता?"

आम्ही त्या एकतिसांतल्या पाच जणी पाच नळ्यांत घातल्या. पुन्हा नुसत्या मुली. पुढच्या पिढीत पुन्हा. थंडी संपेपर्यंत इंझोरीच्या त्या एका आईच्या सात-आठ पिढ्या झाल्या आणि त्यांत एकही झुपकेदार मिशीवाला नव्हता. साहेब खूश झाले. कामाची मादीच असते, नर वाढवण्यात अंडी वाया जातात. पण असं का होतं, याचा त्यांना अंदाज होता आणि त्यांनी तो मला सांगितला. मी तो बेबीबाईंना सांगितला. आता वाटतं, मी तो जरा कमी सोपा करून सांगायला हवा होता.

मी म्हटलं, "या माशीच्या अंगात एक जंतू आहे. अगदी बारीक, पेशीच्या आत राहणारा. तो अंड्यातून पुढे जातो, आईपासून लेकीला. बापाकडून त्याला पुढे जाता येत नाही. म्हणून मुलगा झाला की त्याची वाट संपली. म्हणून तो आईला मुलीच करायला लावतो."

"माशी चोर," बेबीबाई म्हणाल्या, "अन् चोराच्या घरात हा दुसरा चोर."

"हो."

"मायपासून लेकीले."

"हो."

त्या उठल्या आणि पतंगांच्या खोलीत गेल्या. तासभर बाहेर आल्या नाहीत. नंतर त्यांनी चहा केला, मला दिला, आणि सगळं नेहमीसारखं झालं. निदान मला तसं वाटलं.

त्यांच्या घरचं मला थोडंच माहीत होतं. त्यांच्या आईला चार मुली. त्यांना स्वतःला तीन मुली. नवरा पुण्याकडे कामाला गेला आणि तिकडचाच झाला. धाकटी रेखा किन्हीराजाला दिलेली. तिला दोन मुली होत्या आणि तिसऱ्या वेळी ती पाच महिन्यांची असताना माहेरी आली होती, किंवा पाठवली गेली होती. जावई म्हणाला होता, बाळंत झाल्यावर पाहू. काय पाहू, ते तो म्हणाला नव्हता.

फाल्गुनात साहेबांनी प्रयोग काढला. माश्यांच्या मधात अँटिबायोटिक कालवायचं. जंतू मेला तर मुलगे परत यायला हवेत. इंझोरीच्या निम्म्या नळ्यांना औषधाचा मध, निम्म्यांना साधा. औषधाच्या कॅप्सूल मेडिकलमधून आणून आम्ही फ्रिजच्या दारातल्या डबीत ठेवल्या.

औषधाच्या नळ्यांत दुसऱ्याच पिढीत मिशा दिसल्या. बेबीबाईंनी मला हाक मारली. मी धावत गेले. त्यांचा आवाज नेहमीचा नव्हता. "आले, म्याडम. पोट्टे आले." त्या हसत होत्या की काय ते मला कळेना, कारण नाकातोंडावर ओढणी होती.

त्याच आठवड्यात त्या दोन दिवस आल्या नाहीत. असं कधीच झालं नव्हतं. तिसऱ्या दिवशी मी मधात कालवायला कॅप्सूल काढायला गेले, तर डबीत चार कमी होत्या.

मी तशीच अनसिंगची गाडी पकडली. गरोदर बाईला ते औषध देत नाहीत, हे मला माहीत होतं. आणि बेबीबाईंना ते मी सांगितलं होतं की नाही, हे मला आठवत नव्हतं.

रेखा दारातच तूर पाखडत बसली होती. तिच्या दोन्ही मुली बाजूला खडे वेचत होत्या. मी चप्पलही न काढता विचारलं, "रेखा, आईनं तुला काही गोळ्या दिल्या का?"

"मले? नाही." ती गोंधळली. "मले काहून देईन? आईचंच पोट बिघडलं. तिनंच काही गोया खाल्ल्या म्हने."

आत बेबीबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. चेहरा उतरला होता. मला पाहून त्यांनी पदर सावरला.

"चार घेतल्या म्या," त्या म्हणाल्या. "चोरी केली म्हना."

"तुम्ही? तुम्ही कशाला?"

"तुमीच सांगतलं न. मायपासून लेकीले जाते. मंग पयले मायनं घ्याव. रेखावर प्रयोग कायले करू? पोटुशी पोर हाय ते."

मला आधी हायसं वाटलं, मग राग आला. मी त्यांच्यासमोर बसले. म्हटलं, बेबीबाई, माणसात असा जंतू नाही. माणसात मुलगा की मुलगी ते बापाकडून ठरतं, आईकडून नाही. हे तर शाळेतल्या पोरांनाही शिकवतात.

"मले मालूम हाय. बोर्ड लावेल रायते दवाखान्यात." त्या मान खाली घालून बोलत होत्या. "पन माया मानसाले तिकडं पुन्याले दुसरीपासून पोरगा झाला न, म्याडम. मानूस तोच. बाई बदलली, पोरगा झाला. तुमी नळी बदलून पाहता, तसंच झालं न हे?"

मी म्हटलं, तो योगायोग होता. दर वेळी निम्मी शक्यता असते.

"मायले चार. मले तीन. रेखाले दोन. नऊ झाल्या. नऊ डाव निम्मी निम्मी?"

मला उत्तर माहीत होतं. असंही होऊ शकतं, जगात इतकी घरं आहेत, त्यांतल्या काहींत असं होतंच. पण त्या खोलीत ते उत्तर मला खोटं वाटायला लागलं. मी म्हटलं, "आणि तुमचं वय झालंय. रेखाच्या पोटातलं बाळ कधीच ठरलंय. तुम्ही गोळ्या घेऊन काय होणार?"

"काहीच नाही होनार," त्या म्हणाल्या. "हे बी मालूम हाय मले."

"मग का घेतल्या?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी कधी त्यांना इतकं हरवलेलं पाहिलं नव्हतं. "सांगता नाही येत. हात गेला. त्या रातकिड्याले तरी काय सांगता आलं असतं?"

साहेबांना मी काही सांगितलं नाही. त्या चार दिवसांनी कामावर आल्या आणि पहिलं वाक्य बोलल्या ते औषधाच्या नळ्यांबद्दल. "सारेच पोट्टे झाले." मला खरं वाटेना. मी स्वतः मोजलं. खरंच होतं. आधीच्या पिढीत मुलगे आले होते, पण मुलींना त्यांच्याशी काही करायचंच नव्हतं. नर मागे लागायचे, त्या निघून जायच्या. इतक्या पिढ्या नराशिवाय गेल्या की त्या ते विसरूनच गेल्या असाव्यात, असं साहेब म्हणाले. आणि नराची गाठ नाही तर नुसते मुलगे. म्हणून या पिढीत नळीभर मिशा होत्या आणि अंडी घालायला कुणीच नव्हतं. आठ दिवसांत ते सगळे मेले. साधा मध खाल्लेल्या नळ्या तशाच चालू होत्या, रोगासकट, मुलींमागून मुली.

बेबीबाईंनी मेलेल्या नळ्या धुवायला घेतल्या. धुताना थांबल्या. "मंग रोग कोनता अन् दवा कोनती, म्याडम?"

मी हाच प्रश्न साहेबांना विचारला. ते म्हणाले, चांगला प्रश्न आहे, अहवालात घालू.

आषाढात रेखा बाळंत झाली. मुलगा झाला.

दुसऱ्या दिवशी बेबीबाई कामावर आल्या. पेढे आणले नव्हते. सरळ सूक्ष्मदर्शकापाशी जाऊन बसल्या. मी अभिनंदन केलं तर म्हणाल्या, "हो." मग खूप वेळाने, नळी हातात फिरवत म्हणाल्या, "लोकं म्हनून राह्यले, बेबीबाईनं दवा आनली वाशिमहून. रेखानं सांगून देल्लं कोनाले तरी. दोघी जनी आल्या होत्या काल, गोयीचं नाव विचाराले."

"तुम्ही काय सांगितलं?"

"म्या म्हनलं, एका नळीवरून काही सांगता येत नाही."

मला हसू आलं. त्यांना नाही आलं. "पन मले बी कोनी सांगाव न," त्या म्हणाल्या. "माया जिवाले लय आनंद झाला, म्याडम. इतका कायले झाला? नातनी झाल्या तवा एवढा नव्हता झाला. म्या तर सारी उमर पोट्ट्याच मोजल्या, पोट्ट्याच कामाच्या म्हनलं." त्यांनी छातीवर बोट ठेवलं. "हा आनंद माहाच हाय का दुसऱ्या कोनाचा?"

त्यानंतर महिन्याभरात माझी बदली झाली, गावाकडच्या बाजूला. निघायच्या आदल्या दिवशी दुपारी मी अनसिंगला निरोप घ्यायला गेले. दारात पांढरी जीप उभी होती. जावई आला होता, नारळ, टॉवेल-टोपी, सगळं घेऊन. रेखा नवी साडी नेसून बाहेर आली. पिशव्या जीपमध्ये गेल्या. मग जावई म्हणाला, "पोरी राहू द्या इथंच काही दिवस. शाळा-बिळा पाहू मंग." दोन्ही मुली भिंतीला चिकटून उभ्या होत्या. रेखा नुसती आईकडे बघत राहिली.

बाळ बेबीबाईंच्या खांद्यावर होतं. जावयाने हात पुढे केले. बेबीबाईंनी दिलं नाही.

"पयले ह्या दोघी बसतीन," त्या म्हणाल्या. "मंग हा."

"आई, जागा नाही गाडीत."

"मंग पिशव्या उतरवा."

शेजारच्या दोन-तीन बाया ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. जावयाने एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि मग मुकाट्याने दोन पिशव्या खाली ठेवल्या. मुली चढल्या. थोरली पुढे बसली, धाकटी मागे. त्यानंतरच बेबीबाईंनी खांद्यावरचं बाळ काढून रेखाच्या मांडीवर दिलं. जीप गेली.

मला वाटलं, आता त्या समाधानाने माझ्याकडे वळतील. त्या माझ्याकडे आल्या आणि म्हणाल्या, "मले ह्या पोरी पाहिजे होत्या, म्याडम. धाकटी तं मायाजवळच झोपे. राहू देल्ल्या असत्या तं राह्यल्या असत्या." आणि मग, "बरोबर केलं न म्या?"

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. त्या मुली किन्हीराजाला कशा आहेत, ते मला कळलेलं नाही.

माझी एसटी आली. त्या फाट्यापर्यंत सोडायला आल्या होत्या. मी खिडकीत बसून मागे पाहिलं. बेबीबाई रस्त्याच्या मधोमध उभ्या होत्या, एकदा जीप गेलेल्या दिशेला, एकदा घराकडे बघत. मग माझी आठवण झाल्यासारखा त्यांनी हात वर केला आणि हलवला. त्या हातात लहान मुलीची एक लाल चप्पल होती, जीपमध्ये चढताना गळून पडलेली. ती आपल्या हातात आहे, हे त्यांच्या लक्षात नव्हतं.